चीगोंग : परंपरा, प्रयोग आणि प्रमाण

गोषवारा

शरीराची संथ हालचाल, नियमित श्वसन आणि चित्ताची एकाग्रता यांवर आधारलेली 'चीगोंग' ही चिनी आरोग्यसाधना बहुधा हजारो वर्षांची अखंड परंपरा म्हणून सांगितली जाते. या साधनेची सामग्री प्राचीन असली, तरी तिचे आजचे नाव, वर्गीकरण व संस्थात्मक रूप विसाव्या शतकात घडले, हे प्रस्तुत लेखात दाखविले आहे. तिच्या आरोग्यविषयक उपयोगाचे प्रमाण मर्यादित पण विचारार्ह असून दीर्घायुष्याचे व अद्भुत सामर्थ्याचे दावे त्यापासून वेगळे करूनच पाहिले पाहिजेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चीगोंग, दाओयिन, यांगशेंग, बादुआनजिन, आरोग्य, दीर्घायुष्य.

प्रस्तावना

दीर्घायुष्याची ओढ सर्वच संस्कृतींत आढळते. आपल्याकडे वडीलधारी माणसे शतायुषी होण्याचा आशीर्वाद देतात, तर चीनमध्ये दीर्घायुष्यवाचक 'शोउ' हे अक्षर घराच्या दारावर, चिनी मातीच्या भांड्यांवर आणि वस्त्रांवरही रेखाटले जाते. मात्र चिनी विचारपरंपरेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. आयुष्य ही केवळ दैवाने दिलेली मर्यादा नसून योग्य आहार, विहार, श्वसन व व्यायाम यांच्या योगे ते जोपासता येते, अशी धारणा तेथे फार पूर्वीपासून रुजली. या जोपासनेला 'यांगशेंग' म्हणजे 'जीवनपोषण' असे म्हणतात. चीगोंग हे या जीवनपोषणाच्या परंपरेचे आधुनिक काळातील सर्वांत परिचित रूप होय.

गेल्या काही दशकांत चीगोंगचा प्रसार चीनबाहेर झपाट्याने झाला. युरोप-अमेरिकेप्रमाणेच भारतातील शहरांमध्येही त्याचे वर्ग भरतात. अशा वेळी अभ्यासकापुढे तीन प्रश्न उभे राहतात. ही साधना खरोखर किती जुनी आहे? तिचा आरोग्यास कोणता लाभ होतो, आणि तो कोणत्या पुराव्याने सिद्ध झाला आहे? तिच्या नावाने केल्या जाणाऱ्या असामान्य दाव्यांचे काय करावयाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळली, की एका टोकाला अंधश्रद्धा आणि दुसऱ्या टोकाला सरसकट उपहास उरतो. यास्तव तिन्ही प्रश्नांचा स्वतंत्रपणे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञा आणि संकल्पना

'चीगोंग' हा शब्द 'ची' आणि 'गोंग' या दोन पदांनी बनलेला आहे. पहिल्या पदाचा मूळ चिनी उच्चार मराठी 'छी'च्या अधिक जवळ जातो. तथापि रूढ लेखनास अनुसरून येथे 'ची' असेच लिहिले आहे. या पदाच्या पारंपरिक अक्षरात तांदळाच्या चिन्हावर वाफेचे चिन्ह आहे. वाफ, हवा, श्वास, आणि पुढे शरीरात व विश्वात संचार करणारे जीवनतत्त्व, असा त्याचा अर्थविस्तार झाला. भारतीय वाचकास 'प्राण' या संकल्पनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही संकल्पनांत श्वासापासून जीवनतत्त्वापर्यंतचा प्रवास दिसतो. परंतु त्यांच्यामागील शरीरविचार भिन्न असल्याने त्या एकरूप मानणे योग्य ठरणार नाही. 'गोंग' या पदाचा अर्थ दीर्घ परिश्रमाने व सरावाने साधलेले कौशल्य असा आहे. म्हणून 'श्वास व जीवनतत्त्व यांवर परिश्रमाने मिळविलेले प्रभुत्व' असा चीगोंग या शब्दाचा स्थूल अर्थ करता येईल.

आधुनिक चिनी ग्रंथांत या साधनेची तीन अंगे सांगितली जातात : शरीराचे नियमन, श्वासाचे नियमन आणि चित्ताचे नियमन. ही तिन्ही अंगे एकाच वेळी कार्यरत असणे हे चीगोंगचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते. चित्त अन्यत्र ठेवून केवळ हात-पाय हलविल्यास तो साधा व्यायाम होतो, अशी शिक्षकांची भूमिका असते.

प्राचीन आधार

चीगोंगची बीजे ज्या प्राचीन व्यायामपद्धतीत सापडतात, तिला 'दाओयिन' असे नाव होते. 'दाओ' म्हणजे मार्गदर्शन करणे व 'यिन' म्हणजे ताणणे. श्वासाला वाट करून देणे आणि अवयवांना ताण देणे असा त्याचा आशय आहे. हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्याचे उत्खनन १९७३ साली झाले. त्यात रेशमी वस्त्रावर रंगविलेले एक चित्र मिळाले. चार ओळींत प्रत्येकी अकरा, अशा एकूण ४४ मानवाकृती त्यात आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत. काही वस्त्रे ल्यालेले, तर काही उघड्या अंगाचे आहेत. एका आकृतीच्या हाती काठी आहे. अनेक आकृतींशेजारी लहान मथळे असून त्यांपैकी काहींत अस्वल, माकड, पक्षी यांची नावे, तर काहींत गुडघेदुखी, बहिरेपणा यांसारख्या व्याधींचा उल्लेख आहे. म्हणजेच, विशिष्ट व्याधीसाठी विशिष्ट हालचाल ही कल्पना किमान एकवीस-बावीस शतके जुनी आहे, हे निर्विवाद होय.

हूबेइ प्रांतातील झांगजियाशान येथे १९८३-८४ मध्ये सापडलेला बांबूच्या पट्ट्यांवरील 'यिनशू' हा ग्रंथ याच काळातील, किंबहुना थोडा आधीचा आहे. त्यात व्यायामांची तपशीलवार वर्णने तर आहेतच, शिवाय रोगांच्या कारणांविषयी एक मार्मिक निरीक्षणही आढळते. श्रीमंत माणसे हर्ष व क्रोध यांचा समतोल न राखल्याने आजारी पडतात, तर गरीब माणसे अतिश्रम, भूक आणि तहान यांमुळे आजारी पडतात, अशा आशयाचे ते विधान आहे. आरोग्य ही केवळ व्यक्तिगत साधनेची बाब नसून ती माणसाच्या सामाजिक स्थितीशी निगडित आहे, याचे भान एवढ्या प्राचीन ग्रंथात दिसावे ही उल्लेखनीय गोष्ट आहे.

या व्यायामांविषयी प्राचीन चीनमध्ये एकमत मात्र नव्हते. 'च्वांगत्झू' या दाओवादी ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात अस्वलाप्रमाणे लटकणाऱ्या व पक्ष्याप्रमाणे अंग ताणणाऱ्या, जुना श्वास सोडून नवा घेणाऱ्या दीर्घायुष्येच्छू लोकांचा उल्लेख येतो. पण तो प्रशंसेचा नाही. खऱ्या ज्ञानी पुरुषास अशा खटाटोपाची गरज भासत नाही, असा त्या ग्रंथाचा सूर आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकालातील प्रख्यात वैद्य हुआ तुओ याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी या पाच प्राण्यांच्या हालचालींवर आधारलेले व्यायाम शिकविले, अशी नोंद तत्कालीन इतिहासग्रंथांत मिळते. सतत फिरणारी दाराची बिजागरी कुजत नाही, तसेच हालचाल करणारे शरीर टिकते, असा दृष्टान्त त्याने दिल्याचे सांगितले जाते. त्याचा शिष्य वू पू हा नव्वदीनंतरही दात, दृष्टी व श्रवण शाबूत ठेवून होता, अशीही नोंद आहे. तथापि या इतिहासग्रंथांत प्राण्यांच्या नावांपलीकडे व्यायामाचा तपशील नाही. आज 'पाच प्राण्यांची क्रीडा' म्हणून शिकविल्या जाणाऱ्या हालचाली हुआ तुओच्याच आहेत, असे त्यामुळे सिद्ध करता येत नाही.

इ. स. ६१० मध्ये सुई राजवंशाच्या दरबारी वैद्य चाओ युआनफांग याने रोगांची कारणे व लक्षणे सांगणारा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात औषधयोगांऐवजी अनेक रोगांखाली दाओयिनचे व्यायाम दिलेले आढळतात. दाओयिन ही केवळ विरक्त साधकांची उपासना नव्हती, तर राजमान्य वैद्यकाचा भाग होती, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने येथे एका आख्यायिकेचा परामर्श घेणे आवश्यक आहे. दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माने शाओलिन मठातील भिक्षूंना 'यीजिनजिंग' म्हणजे स्नायू-कंडरांच्या परिवर्तनाचे व्यायाम शिकविले, असे सांगितले जाते. त्यावरून या साधनेचे मूळ भारतीय योगात असल्याचा निष्कर्षही उत्साहाने काढला जातो. परंतु बोधिधर्माच्या नावावर असलेला हा ग्रंथ सतराव्या शतकातील आहे, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३० च्या दशकाच्या आरंभीच या आख्यायिकेचे खंडन केले होते. बौद्ध धर्माबरोबर ध्यानाची तंत्रे भारतातून चीनमध्ये गेली, हे खरे. पण मावांगदुईचे चित्र बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचण्यापूर्वीचे आहे. दाओयिनचा उगम चिनी भूमीतच झाला, हे मान्य करण्यात भारतीय परंपरेस कोणताही उणेपणा येत नाही.

'चीगोंग' या नावाचा जन्म

वरील विवेचनात एक गोष्ट लक्षात आली असेल. एवढ्या सर्व प्राचीन आधारांत 'चीगोंग' हा शब्द आलेला नाही. जुन्या ग्रंथांत तो तुरळकपणे आढळतो, परंतु आजच्या अर्थाने नव्हे. दाओयिन, श्वासप्रश्वासाची तंत्रे, मौन बैठक, बौद्ध व दाओवादी ध्यान, युद्धकलेतील अंतर्गत साधना अशा परस्परभिन्न पद्धतींना एका छत्राखाली आणणारे हे नाव १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ करण्यात आले.

त्याची पार्श्वभूमी यादवी युद्धाची आहे. उत्तर चीनमधील हेबेइ प्रांतात साम्यवादी पक्षाच्या ताब्यातील ग्रामीण भागात डॉक्टर, औषधे व उपकरणे यांचा तीव्र तुटवडा होता. मराठी वाचकास ही परिस्थिती अगदीच अपरिचित नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि अपुऱ्या साधनांनिशी अहोरात्र शस्त्रक्रिया करीत डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, याच हेबेइ प्रांतात मृत्यू पावले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, या प्रांताच्या दक्षिण भागात लिउ ग्वेइझेन हा तरुण पक्षकार्यकर्ता पोटातील व्रण व अन्य विकारांनी जर्जर झाला. आपल्या गावाकडील एका जाणकाराकडून गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली श्वसन व एकाग्रतेची पद्धत तो शिकला आणि सुमारे शंभर दिवसांच्या सरावानंतर बरा होऊन कामावर परतला. औषधांविना, अल्प खर्चात साध्य होणाऱ्या या उपचाराकडे पक्षाच्या आरोग्ययंत्रणेचे लक्ष गेले. त्याच्यावर या पद्धतीच्या अभ्यासाची जबाबदारी सोपविण्यात आली आणि १९४९ मध्ये 'चीगोंग' हे नाव निश्चित झाले.

नावाच्या निवडीमागे धोरण होते. धार्मिक मंत्र, दैवी आख्याने व गुप्ततेची बंधने वगळून ही पद्धत सर्वांस शिकविण्याजोगी, रुग्णालयात वापरण्याजोगी करावयाची होती. मूळ साधनेतील मंत्रवजा शब्दांच्या जागी शरीर स्वस्थ होत असल्याची साधी, लौकिक वाक्ये योजण्यात आली. पुढे १९५० च्या दशकात तांगशान आणि बेइदाइहे येथे चीगोंग उपचारगृहे स्थापन झाली. १९५७ मध्ये लिउ ग्वेइझेनचे चीगोंग उपचारपद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. परंतु राजकीय वारे फिरताच हीच पद्धत 'सरंजामी अवशेष' ठरली. लिउ पदच्युत झाला, आणि १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीगोंगच्या सार्वजनिक कार्यास खीळ बसली.

यावरून असे म्हणता येईल की, चीगोंग ही प्राचीन सामग्रीतून आधुनिक राज्यसंस्थेने रचलेली पद्धती होय. यात तिचे अवमूल्यन नाही. पण हजारो वर्षे अखंड चालत आली म्हणून ती सिद्ध आहे, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही.

साधनेचे प्रत्यक्ष स्वरूप : बादुआनजिन

सिद्धान्तापेक्षा प्रत्यक्ष साधना किती साधी आहे, हे समजण्यासाठी 'बादुआनजिन' म्हणजे 'रेशमी वस्त्राचे आठ तुकडे' हा क्रम पाहू. या नावाचा उल्लेख सोंग काळातील (९६० ते १२७९) ग्रंथांत मिळतो. साधक पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून उभा राहतो. श्वास पोटापर्यंत, संथ व आवाज न करता घेतला जातो. लक्ष बेंबीखालील 'दानत्येन' या स्थानी ठेवले जाते.

पहिल्या हालचालीत बोटे गुंफून दोन्ही तळहात आकाशाकडे उचलावयाचे असतात. दुसऱ्या हालचालीत घोडेस्वाराप्रमाणे वाकून डावी-उजवीकडे धनुष्य ओढल्याचा आविर्भाव केला जातो. तिसरीत एक हात वर व दुसरा खाली दाबला जातो. चौथीत मान व नजर मागे वळविली जाते. पाचवीत बसक्या स्थितीत डोके व कंबर दोन्ही बाजूंना झुलविली जाते. सहावीत पुढे वाकून पायांपर्यंत हात नेले जातात. सातवीत मुठी आवळून, डोळे विस्फारून ठोसा पुढे केला जातो. आठवीत टाचा उचलून हलकेच जमिनीवर आपटल्या जातात. ही क्रिया सात वेळा करतात. सर्व क्रमास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. जागा फारशी लागत नाही, साहित्य मुळीच लागत नाही आणि वृद्ध व्यक्तीही ती करू शकतात.

पारंपरिक स्पष्टीकरणानुसार प्रत्येक हालचालीचा संबंध प्लीहा, जठर, हृदय, मूत्रपिंड अशा एखाद्या अवयवाशी जोडला जातो. आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेत याच क्रियांचे वर्णन वेगळे होईल. खांदे व मणका यांची लवचीकता, मांड्यांच्या स्नायूंची ताकद, पोटरीचे बळ, शरीराचा तोल आणि श्वसनाची मंद गती यांवर त्या काम करतात. मंद श्वसनाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळ आणि योगमंत्र या दोहोंच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते व रक्ताभिसरणाच्या नियमनावर अनुकूल परिणाम होतो, असे आढळले. शब्द भिन्न, श्रद्धा भिन्न, तरी परिणाम सारखा, ही गोष्ट चीगोंगच्या अभ्यासकानेही ध्यानात ठेवावी अशी आहे.

चमत्कारांचा काळ

सांस्कृतिक क्रांतीच्या अखेरच्या टप्प्यात कर्करोगातून सावरलेल्या ग्वो लिन (१९०९-१९८४) या महिलेने बीजिंगच्या उद्यानांत चीगोंगचे सामूहिक वर्ग सुरू केले. उपचारगृहाच्या चार भिंतींतून ही साधना उद्यानात आली आणि १९८० च्या दशकात कोट्यवधी लोक तिच्याकडे वळले. सार्वजनिक आरोग्यसेवेवरील ताण आणि वैचारिक पोकळी ही या लाटेमागील महत्त्वाची कारणे मानली जातात.

याच काळात चीगोंगचा दावा बदलला. साधकाने स्वतःच्या शरीरावर केलेली साधना मागे पडून 'बाह्य ची' पुढे आली. गुरू आपल्या देहातून हे तत्त्व बाहेर टाकून दुसऱ्यास बरे करतो, असे सांगितले जाऊ लागले. यान शिन या प्रसिद्ध गुरूने दुरून पाण्याच्या रेणूंच्या रचनेत बदल घडविल्याचे जाहीर झाले. १९८७ मध्ये ईशान्य चीनमधील वणवा शमविण्याचे श्रेयही त्यास देण्यात आले. चिनी क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक च्यान श्युएसेन यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञाने या संशोधनास पाठबळ दिल्याने दाव्यांना प्रतिष्ठा लाभली. एका क्षेत्रातील अधिकार दुसऱ्या क्षेत्रातील पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९८८ मध्ये अमेरिकेतील संशयवादी अभ्यासकांचे एक पथक चीनला गेले. एका चाचणीत गुरू व रुग्ण यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवण्यात आले. गुरू 'ची' सोडत आहे की नाही, हे रुग्णास कळू दिले नाही. रुग्णाची तळमळ गुरूच्या क्रियेशी जुळत नाही, असे दिसून आले. म्हणजे परिणाम होत होता, पण त्याचे कारण रुग्णाच्या अपेक्षेत होते. चीनमध्येही भौतिकशास्त्रज्ञ हे झुओशिउ व लेखक सिमा नान यांनी या दाव्यांवर सातत्याने टीका केली.

साधनेचे अपायही नोंदले गेले. अतिरेकी सरावाने भ्रम, भीती वा असंबद्ध वर्तन उद्भवल्याच्या नोंदी चिनी मनोविकारतज्ज्ञांनी केल्या. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या वर्गीकरणातही चीगोंगशी संबंधित मानसिक विकाराचा समावेश झाला.

१९९२ मध्ये ली होंगझी याने सुरू केलेल्या फालुन गोंग या पंथाचा उदय याच वातावरणात झाला. २५ एप्रिल १९९९ रोजी त्याच्या दहा हजारांहून अधिक अनुयायांनी बीजिंगमधील सत्ताकेंद्राबाहेर शांतपणे निदर्शने केली. जुलै १९९९ मध्ये शासनाने या पंथावर बंदी घातली आणि अनुयायांवर अत्यंत कठोर दडपशाही केली. इतर अनेक चीगोंग संघटनाही बंद पडल्या. पुढे क्रीडा प्रशासनाच्या देखरेखीखाली 'आरोग्य चीगोंग' हे नवे रूप सिद्ध झाले. २००३ मध्ये यीजिनजिंग, पाच प्राण्यांची क्रीडा, सहा ध्वनी आणि बादुआनजिन असे चार क्रम अधिकृतपणे प्रसृत करण्यात आले. आज जगभर शिकविले जाणारे चीगोंग बहुतांशी या प्रमाणित क्रमांचे आहे.

वैद्यकीय प्रमाण

चमत्कारांचे दावे बाजूला सारल्यावर व्यायाम म्हणून चीगोंगचे मूल्य काय उरते, हा खरा प्रश्न आहे. २०१० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ हेल्थ प्रमोशन' मध्ये प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत चीगोंग व थायची यांवरील ७७ यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेण्यात आला. त्यांत एकूण ६,४१० व्यक्ती सहभागी होत्या. हाडांची घनता, हृदय व श्वसनाची क्षमता, शरीराचा तोल आणि जीवनमान यांबाबत अनुकूल परिणाम दिसल्याचे त्यात नमूद आहे. उच्च रक्तदाबाविषयीच्या २००७ च्या एका समीक्षेचा निष्कर्ष सावध आहे. रक्तदाब उतरण्याची चिन्हे आशादायक असली, तरी चाचण्यांचा दर्जा पाहता ठाम विधान करता येत नाही, असे तीत म्हटले आहे.

थायची ही चीगोंगशी निकटचे नाते असलेली, मूळची युद्धकला होय. तिच्याविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. वृद्धांच्या पडण्याविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन समीक्षेत थायचीमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे आढळले. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील २०१२ च्या चाचणीत २४ आठवड्यांच्या थायचीनंतर तोल सुधारल्याचे दिसले.

या संशोधनास मर्यादाही आहेत. औषधाच्या चाचणीत रुग्णास खरी गोळी मिळाली की खोटी, हे लपविता येते. व्यायामाच्या चाचणीत ते शक्य नसते. अनेक चाचण्या लहान व अल्पकालीन आहेत. मुख्य म्हणजे, काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना केली असता दिसणारा लाभ अन्य व्यायाम करणाऱ्या गटाशी तुलना केल्यावर बऱ्याचदा कमी होतो. म्हणून चीगोंग हा एक चांगला, सौम्य व सुरक्षित व्यायामप्रकार आहे, इतके विधान पुराव्यास धरून आहे. तो औषधाला पर्याय आहे, हे विधान पुराव्याबाहेरचे आहे.

दीर्घायुष्याचा प्रश्न

चीगोंगमुळे आयुष्य वाढते काय? दीर्घायुष्याचा थेट दावा सिद्ध करावयाचा तर मोठ्या समूहाचा अनेक दशके नियंत्रित अभ्यास करावा लागेल. नव्वदीतील वू पूचे किंवा एखाद्या सुदृढ वृद्ध साधकाचे उदाहरण यास पुरावा ठरत नाही. जे साधक अकाली मृत्यू पावले, त्यांची कथा कोणी सांगत नाही, आणि जे मुळातच सुदृढ असतात तेच साधना दीर्घकाळ चालू ठेवू शकतात.

तथापि अप्रत्यक्ष संबंध नाकारता येत नाही. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडणे ही अनेकदा परावलंबनाची सुरुवात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत वृद्धांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायाम करावा, असे सुचविले आहे. ही गरज चीगोंगसारखी साधना काही अंशी भागवू शकते. आयुष्याच्या वर्षांत भर पडो वा न पडो, उरलेली वर्षे स्वतःच्या पायांवर काढता यावीत, हे उद्दिष्ट 'जीवनपोषण' या मूळ शब्दाशी अधिक सुसंगत आहे.

भारतीय संदर्भात विचार

चीगोंगच्या इतिहासाकडे पाहताना आपल्याकडील योगाच्या आधुनिक प्रवासाची आठवण होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा अभ्यास क्ष-किरण व दाबमापक उपकरणांच्या साहाय्याने सुरू केला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार शाळांतून केला. गुरुशिष्यपरंपरेतील साधना सार्वजनिक करणे, तिला विज्ञानाची भाषा देणे आणि राष्ट्राच्या आरोग्याशी तिचे नाते जोडणे ही प्रक्रिया दोन्ही देशांत घडली. परंपरा ही अशी नव्याने रचली जाते, हे एकदा मान्य केले, की तिचे परीक्षण करणे म्हणजे तिचा अवमान करणे, असे वाटण्याचे कारण उरत नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व आहे. आरोग्यविषयक शिबिरे व कार्यशाळा महाविद्यालयांतून नित्य भरतात आणि त्यांस विद्यार्थी व परिसरातील नागरिक विश्वासाने येतात. त्या व्यासपीठावरून केलेल्या विधानास संस्थेची प्रतिष्ठा आपोआप चिकटते. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाने अशा भाषणावरून औषध सोडले, तर त्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते. म्हणून वक्त्याने कोणता दावा केला, तो कोणत्या प्रकारच्या पुराव्यावर आधारलेला आहे आणि श्रोत्यास चालू उपचार थांबविण्यास सुचविले जात आहे काय, हे तीन प्रश्न आयोजकाने आधीच विचारणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, चीगोंगची मुळे दाओयिनच्या प्राचीन परंपरेत असून तिचे लिखित व चित्ररूप पुरावे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत जातात. दोन, चीगोंग हे नाव व त्याचे आजचे रूप १९४९ नंतरच्या चिनी आरोग्यधोरणातून घडले आणि राजकीय परिस्थितीनुसार ते वेळोवेळी बदलले. तीन, 'बाह्य ची'चे अद्भुत दावे नियंत्रित चाचणीत टिकले नाहीत. चार, तोल, लवचीकता व मनःस्वास्थ्य यांसाठी सौम्य व्यायाम म्हणून या साधनेची उपयुक्तता मान्य करण्यास पुरेसा आधार आहे. रोगनिवारण व आयुर्वृद्धीच्या दाव्यांस तसा आधार नाही.

श्रीमंत मनोविकारांनी व गरीब श्रम-क्षुधेने आजारी पडतात, असे यिनशूच्या कर्त्याने नोंदविले होते. दहा-पंधरा मिनिटांचा व्यायाम यांपैकी पहिल्या कारणावर काही उपाय करू शकेल. दुसऱ्या कारणासाठी अन्न, विश्रांती आणि परवडणारी वैद्यकीय सेवाच लागते. चीगोंगचा पुरस्कार करताना ही मर्यादा स्पष्टपणे सांगितली गेली, तरच त्याचा खरा लाभ सामान्य माणसापर्यंत पोहोचेल.